परातकाकूंची कोशिंबीर

परातकाकू कुणाकडेही सणाच्या जेवणाला निघाल्या की स्वतःची परात डोक्यावर घेऊन निघायच्या. ऊन लागू नये म्हणून ती पालथी घालत, त्यामुळे लांबून परातच चालत येतेय असं वाटे. "दुसऱ्याच्या भांड्यात माह्यी कोशिंबीर रुसते," म्हणायच्या. तेलुगू मुलखातल्या नार्नूरजवळच्या या गावात मी नवी सून म्हणून आले, तेव्हा हे ध्यान बघून मला हसू आवरेना. शेजारच्याच होत्या. महिन्याभरात त्यांनी मला विळीवर बसवलं.

विहिरीजवळ त्यांचा भाजीचा मळा होता. थंडी पडली की मुळा, गाजर, कोबी, पातीचा कांदा, ओला हरभरा सगळं तिथूनच यायचं. वर शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू, तेलाचा थेंब नाही. बाकीच्या बायका पुऱ्या नि भजी तळत असत आणि या पंगतीत फिरून दटावत, "दुसरी पुरी मागाच्या आदी डाव्या बाजूचं सरलं पाह्यजे!" लोक कोशिंबीर चमच्याने वाढतात, काकू मुठीनं वाढायच्या.

एकदा शाळेतले तेलुगू मास्तर पानाकडे बघून म्हणाले, "अम्मा, ही तर गड्डी!" गड्डी म्हणजे गवत.

"गवत खाऊनच बैल नांगर ओढते, सार," काकू म्हणाल्या. "तुमाले तं खुर्चीतून उठवाले दोन पोरं लागते."

मास्तरांनी आणखी मागून घेतली.

नैवेद्य दाखवण्याआधी काही चाखायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. काकू मिठाचा अंदाज डोळ्यांनी घेत. मीठ भुरभुरायचं, थोडं थांबायचं, परात तिरपी करायची. कडेला पाण्याची बारीक रेघ आली की मीठ बरोबर. मी आल्यापासून दहाबारा वर्षांत त्यांचं एकदाही चुकलं नाही.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कुणाला सांगतील तर शपथ! पण लोक काय आंधळे असतात? त्या वर्षी चंपाषष्ठीच्या गावजेवणाआधीच कुजबुज सुरू झाली, की म्हातारीला दिसत नाही, पुढल्या साली आचाऱ्यालाच सांगू. ते काकूंच्या कानावर गेलं होतं. "यंदा बिघडलं तं परात घरीच राहीन, पोरी," त्या मला म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण धुतलेली परात पुन्हा धुवायला घेतली.

खंडोबाच्या देवळामागे चुली पेटल्या होत्या. चार महिन्यांनी कांदा-वांग्याला मोकळीक, त्यामुळे गाव नुसतं भरताच्या वासावर जमलेलं. काकूंनी मीठ घातलं, परात तिरपी केली, डोळे बारीक केले. आणखी घातलं. मग तिसऱ्यांदा. मला दिसत होतं, पण एवढ्या बायकांसमोर त्यांना टोकू कशी? त्या नैवेद्याचं ताट पुसायला गेल्या आणि परातीपाशी मी एकटी उरले. कडेला पाण्याचं तळं झालेलं. डोळे मिटून खंडोबाला हात जोडले आणि चिमूटभर तोंडात टाकली. अगं बाई! ठसकाच लागला. मी सगळी कोशिंबीर मुठीमुठीने पिळून काढली, उरलेला कोबी नि मुळे भराभर चिरून मिसळले, आणि पुन्हा चाखली. एकदा काय नि दोनदा काय, पाप तर लागलंच होतं!

काकू आल्या, त्यांनी परातीतून नैवेद्यापुरती कोशिंबीर घेतली नि ताट उचलून गाभाऱ्याकडे गेल्या. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन मीही मागे गेले, तर त्या देवाशी बोलत होत्या.

"देवा, मीठ माह्याच्यानं जास्त पडलं. पोरीचा ठसका आयकला म्या. तिनं चाखलं ते माह्यी लाज राखाले. तिले काई लावू नोको. जे काय हाय ते माह्या नावावर लिव."

त्या वळल्या, मी दिसले. माझे डोळे भरून आले होते.

"काऊन रडून राह्यली? लोकं पानावर बसले ना, चाल, वाढ!"

पंगतीनं परात धुतल्यासारखी साफ केली. आचाऱ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पुढची दोन वर्षं मीठ मी घातलं आणि काकू परातीशी बसून सगळ्यांवर ओरडत राहिल्या. तिसऱ्या थंडीत त्या गेल्या.

सासरी मला पुष्कळांनी जीव लावला. पण माझं पाप देवाकडून मागून घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या.