झोडणी थांबली तेव्हा

नव्या पेंढ्याचा वास आला की मला किन्हवलीचं आमचं खळं आठवतं. भाताची झोडणी चालू असताना मी तिथेच पदराआड तान्ह्या प्रकाशला पाजायला बसायचे, पण कोंबडा आरवला तरी हा दूध सोडून मान वळवायचा. एकदा सासूबाई वैतागून ओरडल्या, "झोडणी थांबवा रे! पोर पीत नाय!"

सगळे हातात भाताच्या पेंढ्या धरून गप्प उभे राहिले. प्रकाशने पदर ओढला आणि एकेकाकडे टकामका बघू लागला.

"झोडा रे," सासरे म्हणाले, "मुकादम बघतोय."

पुन्हा धपाधप सुरू झाली, तसा साहेब पोटभर प्यायला.

आता तोच प्रकाश, लेक नीट पीत नाही म्हणून, घरभर "आई, आवाज नको" करत फिरतो. काल मी मुकाट्याने सूप घेतलं आणि सुनेच्या दारातच खडखडा तांदूळ पाखडले. नात गटागट प्यायली.

शेवटी मुकादमाचीच लेक ती!