समेवर परत आलेल्या बाई

सांगलीतल्या गायनाच्या परीक्षेला माझ्या आधी एका बाईंचा नंबर होता. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलण्यावरून पलूसकडच्या असाव्यात. मीही त्याच वयाचा. खरं सांगतो, गेल्या वर्षी नाव पुकारल्यावर मी जिन्यानं खाली पळालो होतो आणि घरी परीक्षा दिल्याचं सांगितलं होतं. या वेळीही चपला पायात घालूनच दाराशी उभा होतो.

आत बाई भूप राग गात होत्या. एक तान लांबली आणि सम, तालाची पहिली मात्रा, निसटली. तबलजींनी सांभाळून घ्यायला हात सैल केला, तशा बाई म्हणाल्या, "थांबू नगा दादा, वाजवत ऱ्हावा. मी येते मागनं."

परीक्षकांनी मान वर केली. बाई गुडघ्यावर बोटांनी ताल धरून तालाचं एक पूर्ण आवर्तन नुसत्या ऐकत राहिल्या. मग बंदिशीचा मुखडा उचलून इतक्या अलगद समेवर आल्या, की माझ्या अंगावर काटा आला. चूक सगळ्यांदेखत झाली होती आणि त्या परतही सगळ्यांदेखतच आल्या होत्या.

त्या बाहेर आल्यावर मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"आवं, लय! सकाळधरनं भाकरी सोडली न्हाई बघा."

माझाही डबा पिशवीत तसाच होता.

माझं नाव पुकारलं. मी चपला काढल्या आणि आत गेलो.

परतलो तेव्हा त्या व्हरांड्यात भाकरी खात होत्या. "कसं झालं?"

"दोन ठिकाणी चुकलो," मी म्हणालो. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो.

"दोनच? मग लय झ्याक गायलासा की!"