खिडकीशी उजवा कान

आप्पा गेल्याचं मला वॉर्डात कळलं. स्टोव्हवर सिरिंजा उकळत होत्या. निरोप ऐकला, "बरं" म्हटलं आणि सिरिंजा चिमट्यानं काढून ट्रेमध्ये मांडल्या. आज तीन आठवडे झाले, रडू आलेलं नाही... त्याची मला लाज वाटते.

रामदास आप्पा आमच्या तळोद्याकडच्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. मी तिथं नर्स. चौदा वर्षं त्यांच्या खिडकीपासून दहा पावलांवर वावरले. मिक्श्चरच्या बाटलीवर ते खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. पण मोलगीकडून डोंगर उतरून आलेल्या माणसालाही बाटली सुखासुखी मिळायची नाही. ती हातात घट्ट धरून आप्पा त्यांच्या अहिराणीत विचारायचे, "आते तू माले सांग, कसं लेशी?" म्हणजे आता तू मला सांग, कसं घेशील? त्यानं नीट सांगितलं की मगच बाटली त्याची. मागची रांग कुरकुरायची. आप्पा ढिम्म.

एकदाच त्यांनी विचारलं नाही. एल्साबाई मिशनच्या शाळेत शिकवायला परदेशातून नुकत्याच आल्या होत्या आणि हिवतापानं फणफणल्या होत्या. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती, तरी गोरं माणूस समोर आलं की आमची जीभ टाळूला चिकटायची. बाईंची भाषा कुठली तरी तिसरीच, इंग्रजी जेमतेम. आप्पांचं इंग्रजी बाटल्यांवरच्या लेबलांपुरतं. त्यांनी क्विनाइनची बाटली पुढं केली, तीन बोटं दाखवली, "थ्री टाइम." बाई म्हणाल्या, "यस, यस." आप्पाही म्हणाले, "यस, यस." दोघांनी माना डोलावल्या, झालं. बाईंनी दर खेपेला तीन-तीन खाचा घेतल्या. तीन दिवसांचं औषध त्यांनी एका दिवसात संपवलं.

क्विनाइन जास्त झालं की कानांवर जातं; बाईंना काहीच ऐकू येईना. आप्पा त्यांच्या खाटेशी बसून राहायचे, जेवायला उठायचे नाहीत. मी ओढून नेलं तेव्हा म्हणाले, "ताई, गावना मानूसले मी इचारस. ती मडम शे म्हनीसन लाजनू. मन्ही लाज तिले महाग पडनी." आठवड्यानं उजवा कान उघडला. डावा कायमचा गेला.

बाई परत गेल्या नाहीत. मराठी शिकल्या, अहिराणीही समजू लागली. कधी औषध न्यायचं झालं की उजवा कान खिडकीशी धरून उभ्या राहायच्या. आप्पा विचारायचे, "आते तुम्हीच सांगा, बाई." त्या शाळकरी पोरीसारखं घडाघडा म्हणायच्या. आप्पा हसायचे, पण बाईंच्या डाव्या कानाकडे बघायचे नाहीत. त्यांनी स्वतःला माफ केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. बाईंनी केव्हाच केलं होतं.

परवा बाई खोकल्याचं औषध न्यायला आल्या. नव्या कंपाउंडरनं सगळं समजावलं, बाटली दिली आणि म्हणाला, "झालं, बाई." चांगला मुलगा आहे, चूक त्याची नाही. पण बाई हलेनात. उजवा कान खिडकीशी धरून तशाच उभ्या. रांग कुरकुरू लागली. माझी बोली कोकणी, अहिराणी माझ्या तोंडात कधी बसली नाही. तरी मी जवळ गेले आणि त्या कानाशी म्हटलं, "आते तुम्हीच सांगा, बाई."

बाटलीवरच्या पट्टीवर बोट ठेवून बाई सावकाश म्हणाल्या, "एक खाच सकाळी, एक रात्री. जेवल्यावर... आप्पा."