टेबल टेनिसच्या हॉलमधल्या दोऱ्या

लोणावळ्यात फ्लॅट घेताना बिल्डरने पोहण्याचा तलाव, जिम, टेबल टेनिसचा हॉल असं सगळं हौसेने दाखवलं होतं. पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे, हे विचारायचं मात्र आम्हाला सुचलं नाही. पहिल्याच आषाढात कळलं. बाल्कनीत कपडे घालायचे नाहीत, इमारतीची शोभा जाते, असा सोसायटीचा नियम. मग घरभर ओल्या चादरी, भिंतींना बुरशी आणि आमच्या ह्यांचा दमा. डॉक्टर म्हणाले, घर कोरडं ठेवा, नाहीतर पावसाळा दुसरीकडे काढा. तेव्हापासून आषाढ लागला की आम्ही बॅग भरून पुण्याला मुलाकडे. स्वतःचं घर असून पाहुण्यासारखं राहायचं! निघताना हे कुलूप दोनदा ओढून बघत.

टेबल टेनिसचा हॉल मात्र कोरडा ठणठणीत. मोठ्ठे पंखे, आणि आठवडाभर कुलूप. कारण बहुतेक मालक मुंबईचे, शनिवार-रविवारी येणारे. मेंटेनन्स सगळ्यांना सारखाच. 'पावसाळ्यात हॉलमध्ये दोऱ्या बांधू द्या,' असा अर्ज मी दर वर्षी करायचे. वार्षिक सभा मुंबईत व्हायची आणि माझा अर्ज हसण्यावारी जायचा. "काकू, क्लबहाऊस आहे ते, धोबीघाट नाही," इति अध्यक्ष.

यंदा मी हट्टच धरला: सभा इथेच, आणि ऐन पावसाळ्यात. तळमजल्यावरच्या आबांचं कामशेतला तांदळाचं दुकान आहे. ते माझ्या बाजूने उभे राहिले. अध्यक्षांना फोनवर म्हणाले, "घरं हितं हायेत, तर मिटिंगबी हितंच घ्या. या की, पावसाची मजा बघा!" मजेचं नाव काढताच मंडळी तयार.

शनिवारी आली ती थेट धबधब्यावर गेली. सगळी चिंब, आणि एका रात्रीसाठी कशाला ओझं म्हणून जादा कपडे कुणीच आणलेले नव्हते. संध्याकाळी अध्यक्ष आमच्या दारात.

"काकू, तुम्ही कपडे कुठे वाळत घालता हो?"

"घालतो घरातच. वाळत नाहीत," मी म्हणाले.

रविवारी सभेत अर्धे लोक ओल्या जीन्समध्ये शिंकत बसले होते. अध्यक्ष आमच्या ह्यांच्या पायजम्यात, तोही घोट्याच्या बराच वर. मी अर्ज वाचायला उभी राहिले, तर आबा म्हणाले, "वाचू नका, ताई. कुनाचा इरोध हाय का, येवढंच इचारा."

एकही हात वर झाला नाही.

तासाभरात हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या गेल्या. पहिली जीन्स अध्यक्षांची! मला इतका आनंद झाला होता की तो लपवायचेही कष्ट मी घेतले नाहीत.

बॅग यंदा माळ्यावरच राहिली. श्रावण लागला तेव्हा हे कोरडा करकरीत सदरा घालून खिडकीशी बसले होते, श्वास अगदी संथ. तेवढ्यात मुलाचा फोन आला, "बाबा, कधी येताय?"

"आम्ही नाही येत," हे म्हणाले. "तूच ये. आणि भीज हवं तेवढं."