तिसऱ्या खंडातला नावाडी

आमच्या वाचनालयात जिन्याखाली एक खोली आहे. तिचं दार इतकं बुटकं आहे की आत जाताना प्रत्येकाला मान खाली घालावी लागते, सचिवांनासुद्धा. त्या खोलीत आमचा बाइंडर चौतीस वर्षं बसतो आहे. मुलं त्याला खळकाका म्हणतात, कारण त्याच्या अंगाला कायम खळीचा वास येतो. खळीत तो मोरचूद घालतो, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. या माणसावर कुणीतरी चांगल्या लिहिणाऱ्याने लिहायला हवं होतं. तसं कुणी पुढे आलं नाही. मी वरच्या मजल्यावर पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच जाऊन बसतो. तारखेचा शिक्का सोडला तर कागदावर मी फारसं काही उमटवलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्यावं.

बाइंडरचं वाचन दांडगं आहे, पण त्याचा एक नियम आहे. तो फक्त फाटलेली पुस्तकं वाचतो. शिवायला आलं की आधी वाचायचं, मग शिवायचं.

"जे पुस्तक फाटत नाही त्यात काही नसणार," तो म्हणतो. "लोकांना काय वेड लागलंय उगाच फाडायला?"

या नियमामुळे त्या पाच खंडांच्या कादंबऱ्या वाचून संपवायला त्याला सहा वर्षं लागली. धुक्यात बुडालेलं एक राज्य, मिठाच्या खाणींची मालकीण असलेली राणी, साखळीला बांधून पाळलेली वादळं आणि एका कानाचा बुटका नावाडी, अशी ती गोष्ट. आमच्याकडे एकच संच होता आणि त्याची छपाई केव्हाच बंद झालेली. त्यामुळे गावात ज्याने कुणी ही गोष्ट वाचली त्याने आमचीच प्रत वाचली. पहिला खंड दोन वर्षांत फाटला, दुसरा त्यानंतर आठ महिन्यांत. पाचवा लवकर फाटावा म्हणून बाइंडर वर येऊन लोकांना तो घ्यायचा आग्रह करायचा. चौथा न वाचलेल्यांनासुद्धा.

सगळ्यात गाजला तिसरा खंड. तो आमच्याकडे मागाहून आला, रद्दीतून, उसवलेला, त्यामुळे बाइंडरने शिवल्यावरच तो लोकांच्या हाती पडला. त्यात राणीला वाचवताना नावाडी भोवऱ्यात बुडून मरतो. राणी टाहो फोडते. आणि पान उलटलं की राणी तळ्याच्या काठाला येते तर समोर नावाडी नाव घेऊन उभा. "उशीर केलात," एवढंच तो म्हणतो आणि वल्हं उचलतो. तो कसा परत आला हे लेखक सांगत नाही. राणीही विचारत नाही. त्या जागी वाक्यही मध्येच तुटतं आणि भलतंच सुरू होतं. पण एवढा मोठा लेखक आहे, त्याची लिहायची तऱ्हा असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढच्या दोन खंडांत नावाडी कुठे येत नाही. राणी दोनदा त्याच्या आठवणीने रडते, ते आम्ही विरहात जमा केलं.

बाइंडर तर नावाड्यावर फिदा होता. "तो मरणाऱ्यांतला नाही," असं तो ज्याला त्याला सांगायचा. शाळेतल्या गुरुजींनी एकदा यावर तासभर भाषण केलं. विषय होता मरणाला न जुमानणारा कामकरी माणूस. बाइंडर पहिल्या रांगेत बसला होता.

मग गेल्या वर्षी या कादंबऱ्यांवर सिनेमा आला. साडेतीन तासांचा, पहिल्या तीन खंडांवर. बाइंडर इस्त्रीचा शर्ट घालून दुपारच्या खेळाला निघाला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, आणि मी बरोबर होतो. वहिनींनी यातलं अक्षरही वाचलेलं नाही.

पहिला तास तो एकेक दृश्य पास करत बसला होता. "बरोबर. वादळ अस्संच आहे. साखळी जरा जाड दाखवलीय, पण चालेल." पुढच्या रांगेतल्या एकाने दोनदा वळून पाहिलं. मग भोवरा आला आणि नावाडी बुडाला. थिएटरात मुसमुसण्याचे आवाज यायला लागले. बाइंडर तेवढा खुशीत होता.

"आता येईल बघ," तो वहिनींना म्हणाला.

"कोण?"

"नावाडी."

"अहो, बुडाला की तो."

"तू बघ तर."

मध्यंतरात तो जागचा हलला नाही. आपण बाहेर असताना नावाडी आला तर काय घ्या. मध्यंतरानंतर लढाई झाली, राणीने गड घेतला, तळ्याकाठी नावाड्याचा दगडी पुतळा उभारला आणि सिनेमा संपला. पडद्यावर नावं सरकू लागली. वहिनी चपला शोधू लागल्या. बाइंडर बसूनच राहिला. शेवटी झाडू घेऊन एक बाई आली.

"चला काका, संपलं."

"नावाडी यायचाय अजून."

"कुणी यायचं नाहीये. मला पुढच्या खेळाच्या आधी झाडायचंय."

घरी जाताना तो एवढंच बोलला, "यांनी पुस्तक वाचलेलंच नाही."

"मग इतका वेळ काय दाखवलं त्यांनी?" वहिनी म्हणाल्या. "आणि मेला तर मेला. रडले लोक. चांगला होता म्हणूनच रडले ना?"

त्या आठवड्यात जिन्याखाली शिवणकाम बंद होतं. तो सिनेमा कंपनीला पत्र लिहीत होता. चार पानांचं पत्र झालं. 'आपण एका जिवंत माणसाचा पुतळा उभारला आहे,' असं त्यात एक वाक्य होतं, ते गुरुजींना फार आवडलं. पत्राखाली अडतीस सभासदांनी सह्या केल्या. मीही केली. रविवारी सकाळी सभा भरवायची, बाइंडरने पत्र वाचून दाखवायचं आणि मग ते वाचनालयाच्या शिक्क्यानिशी पाठवायचं, असं ठरलं.

शुक्रवारी नवा संच आला. सिनेमामुळे कादंबऱ्या पुन्हा छापल्या होत्या आणि सचिवांनी लगेच मागवल्या होत्या. नोंद करता करता मी सहज तिसरा खंड उघडला. राणी तळ्याकाठी येते. नावाडी म्हणतो, "उशीर केलात." पुढे सोळा पानं तो नाव वल्हवतो, जी सिनेमावाल्यांनी गाळली होती. आणि मग भोवरा येतो. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग आमचा जुना खंड काढून शेजारी ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाइंडरचा आयुष्यभराचा अभिमान एकच, की त्याच्या हातून पान इकडचं तिकडे झालेलं नाही. हे त्याला सांगायचं कसं? आणि न सांगितलं तर चूक शिक्क्यानिशी कंपनीकडे जाणार आणि तिथे अनोळखी माणसं त्याला हसणार. शनिवारी दुपारी दोन्ही खंड घेऊन मी जिन्याखाली गेलो.

त्याने नवा खंड हातात घेऊन आधी पाठ पाहिली. "शिलाई नाही. नुसता गोंद. वर्षात पानं हातात येतील."

"दोनशे नऊ पान काढा," मी म्हणालो.

त्याने वाचलं. पुढची पानं उलटली. जुना खंड ओढून घेतला आणि अंगठ्याने पानं मोजली. वर येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं जिन्यावर वाजत होती.

"चौदावा आणि पंधरावा फर्मा," तो म्हणाला. सोळा पानांच्या एका घडीला तो फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक ठेवून पुस्तक शिवतात. "खालीवर झालेत."

"होतं असं."

"माझ्याकडून होत नाही." बराच वेळ तो पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिला. "सुटे फर्मे वाचत होतो तेव्हा. एकाबरोबर दोन उचलले गेले असणार, म्हणून पंधरावा आधी वाचला. नावाडी मेला तेव्हा मला पुढे वाचवेना. खिडकीत जाऊन उभा राहिलो. परत येऊन दुसरा उघडला, तर हा उभा नाव घेऊन." त्याने जुन्या खंडाची खालची कड दाखवली. "मी दर फर्म्याचे नंबर जुळवूनच शिवतो. त्या दिवशी नाही बघितले. तो जिवंत आहे म्हटल्यावर कशाला बघतोय? आणि खालची कड उंदराने कुरतडलेली, म्हणून कटिंग जास्त घेतलं. त्यात फर्म्यांचे आणि पानांचेही नंबर गेले."

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणालो. "पत्र मागे घ्या. तब्येतीचं काहीतरी कारण सांगू."

"कुणाच्या तब्येतीचं?"

"तुमच्या."

"मला काय झालंय?"

रविवारी सभेला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बाइंडर उभा राहिला. पत्र त्याच्या खिशातच होतं.

"नावाडी मेलेला आहे," तो म्हणाला.

कुणाच्या तरी घरची वाईट बातमी ऐकावी तशी सगळी सावरून बसली. गुरुजींनी हळूच विचारलं, "कधी?"

"पहिल्यापासून. चूक माझी आहे." मग त्याने दोन्ही खंड टेबलावर ठेवले आणि एकेकाला बोलावून दाखवले.

निवृत्त पोस्टमन म्हणाले, "मग पाचव्या खंडात मी त्याची वाट बघत बसलो ते कशाला?"

"माझ्यामुळे."

"आणि माझं भाषण?" गुरुजी म्हणाले.

"भाषण चांगलं होतं, गुरुजी."

सचिवांनी जुनी प्रत दुरुस्त करावी असा ठराव मांडला. दोघांनी विरोध केला, त्यांना जुनीच गोष्ट हवी होती. बाइंडर म्हणाला, "तुम्हाला हवी असेल, पण शिलाई माझी आहे." ठराव मंजूर झाला.

सोमवारी मी खाली गेलो तेव्हा त्याने खंड उसवला होता. ते दोन फर्मे त्याने ओळीने वाचले, चौदावा आधी, पंधरावा नंतर. मी स्टुलावर बसून होतो. नाव वल्हवण्याची सोळा पानं त्याने फार सावकाश वाचली, एका पानावर तर दहा मिनिटं काढली असतील. भोवरा मात्र भराभर संपवला. मग सुईत दोरा ओवला आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही.

संध्याकाळी त्याने मला कंपनीच्या पत्त्याचं पाकीट दिलं. आत एकच कागद होता. 'आपला नावाडी बरोबर बुडाला आहे. आमच्याकडून झालेल्या गैरसमजाबद्दल क्षमा असावी.' खाली त्याची एकट्याची सही होती.

"अहो, पहिलं पत्र गेलंच नव्हतं," मी म्हणालो. "त्यांना काय कळणार कसली क्षमा?"

"आठवडाभर मी त्यांना काय काय बोललो ते तुम्हाला माहीत नाही," तो म्हणाला.

मी तिकीट लावून ते पेटीत टाकलं. त्याला आता पाच महिने झाले. उत्तर आलेलं नाही. बाइंडर म्हणतो, पुढच्या भागाच्या कामात असतील.