उंबऱ्यावरची किल्ली

बशीरा आपा नसत्या तर ती किल्ली मी नोकरी संपेपर्यंत वाकून उचलत राहिले असते.

दुपारी दोन वाजता पाळी बदलायची. मी बायकांच्या वार्डाच्या दारात येऊन थांबायची. सकाळच्या पाळीच्या नर्स वत्सलाबाई औषधाच्या कपाटाची किल्ली उंबऱ्यावर टाकायच्या. टेबल शेजारीच होतं. तरी खालीच. मग चपलेच्या टोकानं ती माझ्याकडं सरकवायच्या आणि एक शब्द न बोलता मागच्या दारानं निघून जायच्या.

एके दिवशी वाकताना माझी टोपी पडली. पांढरी, खळ घातलेली. घरंगळत पहिल्या खाटेखाली गेली.

"पिन लावावी की वं सिस्टर," खाटेवरची बाई म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं.

वत्सलाबाई जाता जाता वळल्या. "पिन कशाला? तिच्या घराण्याला वाकायची सवय हाय."

वार्ड हसला. मीही हसले. वार्डाचं हसणं मी विसरले. माझं अजून विसरता येत नाही.

मी भालकी तालुक्यातल्या मेहकरची, महारवाड्यातली. घरात शाळेत गेलेली पहिली मीच. पुढं नोकरी करता करता बी.ए. झाले, तीही पहिलीच. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. निजामाच्या राज्यातला सरकारी दवाखाना होता, पोलिस ॲक्शननंतर पाटी बदलली, खाटा त्याच राहिल्या.

वत्सलाबाई माझं नाव घेत नसत. "ए मेहकर" म्हणत. त्या देशमुखाच्या घरातल्या. लहानपणी लग्न, लहानपणीच विधवा. घरात डोळ्यांसमोर नको म्हणून नर्सिंगला पाठवलेल्या. सणाला घरी गेल्या की दवाखान्यातली म्हणून त्यांचा तांब्या वेगळा ठेवत. हे त्यांनीच एकदा रडत वार्डातल्या आयाला सांगितलं होतं. तोच वेगळा तांब्या जणू त्या रोज दोन वाजता माझ्या पुढ्यात आणून ठेवत. मला ते कळायचं. कळून काही उपयोग नव्हता.

किल्ली माझ्याकडून परत गेली की त्या नळाखाली धुऊन घेत. पण औषधाची वही आमची एकच होती, आणि वही धुता येत नाही. म्हणून त्या वहीला दिवसातून एकदाच हात लावत. सकाळी आल्या आल्या सगळं लिहून टाकत. कुणाला काय द्यायचं, किती वाजता द्यायचं. नंतर काही बदललं तर ते वहीत येत नसे. तोंडानं सांगायचं, तर त्या माझ्याशी बोलत नसत.

आता आपांबद्दल.

शिकाऊ म्हणून मी त्याच वार्डात लागले तेव्हा बशीरा आपा तिथल्या मोठ्या नर्स होत्या. पान खायच्या, आवाज मोठा, बायका त्यांना भ्यायच्या. पहिल्या दिवशी मी हात मागं धरून उभी होते. शाळेत तीच सवय लागली होती.

"ए पोट्टी, हाथ आगे कर," आपा म्हणाल्या. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटली. "किल्ली हाथ में देना. दवा मुँह से बोलना. जो दिये सो बोलना, जो नहीं दिये सो भी बोलना. उसके बाद घर जाना."

महिनाभरात माझ्या हातून चूक झाली. सात नंबरच्या बाईला आठ नंबरचं औषध पाजलं. कुणी पाहिलं नव्हतं. मी बाटली परत ठेवली. आपांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "क्या हुआ?" मी सांगितलं. त्यांनी मारलं नाही, ओरडल्या नाहीत. सात नंबरच्या खाटेपाशी नेलं, नाडी बघायला लावली, डॉक्टरांना बोलावलं. दुपारी पाळी बदलताना सगळ्यांसमोर माझ्याच तोंडून वदवलं. मला वाटलं, आता किल्ली मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली हातात दिली. रोजच्यासारखी. बोटं मिटली.

पोलिस ॲक्शनच्या दिवसांत आपांचा भाऊ घरातून गेला तो परत आला नाही. दवाखान्यात कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. काही महिन्यांनी त्या हैदराबादला बहिणीकडं निघून गेल्या. त्यांच्या जागी वत्सलाबाई आल्या, आणि किल्ली उंबऱ्यावर आली.

दोनेक वर्षं मी ती उचलली.

मग हुलसूरची एक बाई आली. चुलीवर पदर पेटलेली. छातीपासून मांडीपर्यंत भाजली होती. तिची आई उशाशी बसून वारा घालायची. डॉक्टरांनी मॉर्फियाची सुई लिहून दिली होती. दुपारी दोन वाजता.

त्या दिवशी किल्ली उंबऱ्यावर पडली, मी उचलली. वहीत लिहिलेलं होतं, दोन वाजता मॉर्फिया द्यायचं. मी सुई उकळून घेतली. बाई गुंगीत होती. तिच्या दंडावर सुईची ताजी खूण होती. ती मी पाहिली. सकाळची असेल असं धरून चालले. उशाशी तिची आई होती. तिला विचारलं नाही.

सुई टोचून काढली तेव्हा आई म्हणाली, "मघाशी त्या बाईनं दिली की वं. पुन्हा कामून द्यायलाव?"

"कधी दिली?"

"आत्ताच की. लई वरडायलती लेक. त्या बाईला बघवलं न्हाई."

खरंच बघवलं नव्हतं. वत्सलाबाईंनी अर्धा तास आधी सुई दिली होती. दयेनं. वहीत लिहिलं नाही, मला सांगितलं नाही, किल्ली सरकवून गेल्या.

मी डॉक्टरांकडं पळाले. परत आले तेव्हा बाईचा श्वास मोजण्याइतका संथ झाला होता. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी मॉर्फियावर उताऱ्याची सुई दिली, काळी कॉफी मागवली, आम्ही तिला हलवत, हाका मारत राहिलो. भाजलेल्या अंगाला कुठं धरायचं ते कळत नव्हतं. मी तिच्या तळपायांवर चापट्या मारत होते आणि तिची आई माझ्याकडं बघत होती. दिवस मावळायच्या सुमाराला श्वास परत लयीवर आला.

वत्सलाबाईंना कळलं तशा त्या माझ्या खोलीवर आल्या. दारात थांबल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"ए, ऐक. माझी नोकरी गेली तर मला घर न्हाई. सासर बंद, माहेर सणापुरतं. तू म्हण, दोन्ही सुया माझ्याच हातनं गेल्या म्हणून. तुला काय, तुम्हाला सरकार दुसरी देतंय."

मला वाईट वाटलं, हे खोटं नाही. हो म्हणायला तोंडही उघडलं होतं. मग माझी नजर खाली गेली. हात जोडायला आल्या होत्या, तरी पाय उंबऱ्याच्या बाहेरच होते.

"सकाळी मेट्रनसमोर बोलू," मी म्हणाले.

सकाळी मेट्रननी कागद तयारच ठेवला होता. दोन्ही सुया मीच दिल्या, असं त्यात होतं.

"सही कर," मेट्रन म्हणाल्या. "ती मोठ्या घरची आहे. तिच्याकडून चार माणसं येतील. तुझ्याकडून कोण येणार?"

"कुणी न्हाई येत, बाई. म्हणून मलाच लिहावं लागतंय."

मी दुसरा कागद मागितला. उभ्यानंच लिहिलं. पहिली सुई वत्सलाबाईंनी वेळेआधी दिली, वहीत नोंदली नाही. दुसरी मी दिली. दंडावरची खूण पाहूनही मी विचारलं नाही, ही माझी चूक. औषधाच्या कपाटाची किल्ली मला जमिनीवर टाकून दिली जाते आणि माझ्याशी बोललं जात नाही, म्हणून रुग्णाची माहिती माझ्यापर्यंत पोहोचली नाही.

मेट्रननी वाचलं. "हे किल्लीचं खोडून टाक. ते घरचे रीतिरिवाज असतात. दवाखान्याच्या कागदावर कशाला?"

"घरी काय करायचं ते करू दे. इथं त्यानं श्वास थांबत व्हता."

मी खोडलं नाही.

त्याच दिवशी दोन वाजता मी दारात उभी राहिले. किल्ली उंबऱ्यावर पडली. चपलेचं टोक पुढं आलं. मी हात पुढं केला आणि तसाच ठेवला.

"उचल की."

"हातात द्या. आणि सांगा, कुणाला काय दिलं."

"येड लागलंय का गं तुला?"

"तोवर तुमची पाळी संपली न्हाई, वत्सलाबाई. वार्ड तुमचाच हाय."

त्या मागच्या दाराकडं गेल्या आणि थांबल्या. मागं खाटेवर हुलसूरची बाई कण्हत होती. काही न सांगता तिला टाकून गेलं तर काय होतं, हे आदल्या दिवशीच सगळ्यांनी पाहिलं होतं. मी आत जाऊन पहिल्या खाटेवरच्या बाईला पाणी दिलं, तिची उशी सारखी केली. कपाटाजवळ गेले नाही. या वेळी वार्ड हसला नाही.

वत्सलाबाई वाकल्या. किल्ली उचलली. वरून, बोटाला बोट लागणार नाही अशी, माझ्या हातावर सोडली.

"आता सांगा."

त्यांनी सांगितलं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. हुलसूरच्या बाईपाशी आल्यावर म्हणाल्या, "सुई दिली न्हाई. तू दे." मग नळावर गेल्या आणि माझ्याकडं बघत कार्बोलिक साबणानं हात घासत राहिल्या. कोपरापर्यंत.

हुलसूरची बाई सहाव्या दिवशी भाजल्यानं गेली. तिच्या आईनं जाताना माझ्याकडं बघितलं नाही. वत्सलाबाईंना ताकीद मिळाली. मला ताकीद मिळाली आणि बदलीचा हुकूम. तालुक्याच्या दवाखान्यात, लगेच.

निघायच्या आधी आपांना पत्र लिहिलं. आमची शाळा उर्दूतून झाली होती, पत्रही उर्दूतच होतं. इथं मराठीत उतरवते.

"आपा, सलाम.

माझ्या हातून एका बाईला दुसऱ्यांदा सुई गेली. खूण दिसली होती, विचारलं नाही. तुमच्यासमोर बोलले असते तसंच हे बोलते आहे. ती त्या सुईनं गेली नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी स्वतःला अजून तसं म्हटलेलं नाही.

दोन वर्षं मी किल्ली जमिनीवरून उचलत होते. तुम्हाला कधी लिहिलं नाही, लाज वाटत होती. आता वाटतं, लाज उचलण्याची नव्हती. ज्या दिवशी मी सगळ्यांबरोबर हसले, त्या दिवसाची आहे.

तुमच्या भावाचं मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आज विचारते. काही कळलं का? तेव्हा गप्प राहिले, तीही चूकच होती. तीही बोलते.

माझी बदली झाली आहे. तिथं कोण असेल माहीत नाही. कुणीही असो, किल्ली हातात आल्याशिवाय आणि तोंडानं सांगितल्याशिवाय मी पाळी घेणार नाही. पुन्हा बदली केली तर पुढच्या गावीही घेणार नाही. नोकरीवरून काढलं तर मेहकरला जाईन, पण वाकणार नाही.

आपा, लोक म्हणतात असं कुठं असतं का, किल्ली हातात कोण देतं. तुम्ही माझ्या हातात दिली होती. बोटं मिटली होती. म्हणून मला माहीत आहे, देता येते."