माझी गटिंगची कुर्ली

रॅकेटचं गटिंग करताना, म्हणजे तारा बांधताना, तारेचे तुकडे खाली पडतात. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी एखादा पायाला टोचतोच! जामसंड्यातल्या आमच्या बॅडमिंटन हॉलचे किस्से तसेच. झाडून टाकले म्हणावं, तर एक तरी पायाखाली येतोच. म्हटलं, आता गोळा करून ठेवू.

हॉलसमोर आमचं खेळाच्या सामानाचं दुकान. आमच्या ह्यांनी हौसेने गटिंगचं मशीन आणलं, वजन लटकवून तार ताणायचं. आणलं आणि पोत्यात घालून ठेवलं. ते गेल्यावर मी पोतं सोडलं. शिकवणारा कोणी नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, तेही इंग्रजीत.

हॉलचे सेक्रेटरी बापू, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. बँक सुटली, बँकेतली शुद्ध मराठी काही सुटली नाही! एकदा माझ्या मोबाईलमध्ये डोकावून म्हणाले, "काकी, तुम्हाला इंग्रजी समजतं?"

म्हटलं, "माका इंग्रजी येणा नाय रे बापू. हात समाजतत!"

आवाज बंद करून बघायची मी. बोलणाऱ्याकडे लक्ष गेलं की हाताकडे राहत नाही.

•

मे महिन्यात एक मुंबईकर पाहुणा रॅकेट घेऊन आला. मी काउंटरला बसलेली. म्हणाला, "आजी, गटिंगवाले आहेत का?"

"आसत. बसा."

आत गेले, हात धुतले, पदर खोचला, चष्मा लावला. बाहेर येऊन मशीनपुढे बसले.

"बोला, किती पाउंडावर बांधू?"

बिचारा पाच मिनिटं नुसता दाराकडे बघत होता, अजून कोणी येतंय का म्हणून!

•

आता कुर्लीचं सांगते. गटिंगमध्ये सगळ्यात अवघड पहिली तार. बाकीच्या तारा एकमेकींना धरून असतात, पहिलीला धरायला कोणीच नाही. मशीनने ओढली की सुळकन निघून येते. मी काय करायची, फ्रेमच्या बाहेरून तिला घरातल्या पकडीने गच्च धरायची. तार जागच्या जागी चेचायची, आणि मला वाटायचं काय छान धरलीय!

तशा बांधलेल्या रॅकेटने पहिला खेळला आमचा बबन. मासेमारीच्या ट्रॉलरवरचा तांडेल, हात असा की शटलची पिसं उडावीत. पहिल्याच स्मॅशला फट्! शटल तारांतून आरपार.

बबन रॅकेट घेऊन दुकानात. "काकी, माझ्या जाळ्यातसून मासो पळालो!"

मला हसू नाही आलं. माझ्या हातची रॅकेट आणि पहिल्या फटक्याला तुटते? त्या रात्री सगळे व्हिडिओ पुन्हा बघितले. प्रत्येकाच्या हातात एक छोटा चिमटा! दांडे दाबले की तोंड उघडतं, सोडले की मिटतं, आणि आतल्या बारीक दाणेदार जबड्यात तार न चेचता बसते. स्टार्टिंग क्लॅम्प म्हणतात त्याला. मागवला.

पार्सल फोडताना बबन होता. त्याने सुतळीचं टोक त्यात धरलं, पाय रोवून ओढलं. सुतळी तुटली, क्लॅम्प ढिम्म.

"काकी, ही तर कुर्ली! एकदा धरल्यान काय सोडुची नाय!"

तेव्हापासून ती कुर्ली. समुद्रातल्या कुर्लीचा, म्हणजे खेकड्याचा, रस्सा होतो, हिचा होत नाही, एवढाच काय तो फरक.

•

आमच्या हॉलवर सकाळी दातांची डॉक्टरीण खेळायला येते, सायली. कुर्ली बघून तिला भारी कौतुक. एकदा प्रेमाने दात काढायची पकड घेऊन आली. "काकी, ही पण वापरून बघा, जबरदस्त ग्रिप आहे!" मी बघितली, परत दिली. पण गप्पांच्या नादात पकडीऐवजी ती उचलून गेली माझी कुर्ली!

दुपारी तिच्या खुर्चीत बापू. इंजेक्शन दिलेलं, अर्धं तोंड बधिर. हिने ट्रेमधून हत्यार उचललं.

बापू गळ्यातल्या रुमालासकट भर बाजारातून पळत माझ्या दुकानात! कुर्ली काउंटरवर आपटली.

"काकी, तुमची वस्तू सांभाळा!"

"आणि दात?"

वाकड्या तोंडाने म्हणाले, "दात राहू दे! हिने धरलं असतं तर सोडलं असतं का?"

•

एवढा विश्वास कुर्लीवर. माझ्यावर? छे! हॉलच्या रॅकेटी गटिंगला जायच्या कोल्हापूरला. यंदा हॉलची स्पर्धा ठरली, तेव्हा मी स्पष्ट विचारलं, "बापू, गटिंगचं टेबल माझं ना?"

"काकी, बाहेरगावचे खेळाडू येणार. इलेक्ट्रॉनिक मशीन हवं. तुम्ही समजून घ्या."

समजून घेतलं आणि डोक्यात ठेवलं! हॉलमध्ये कोल्हापूरच्या माणसाचं टेबल. माझं बाहेर पडवीत, वडेवाल्याच्या कढईला लागून. सकाळपासून माझ्याकडे लोक आले ते चटणी विचारायला.

दुपारी बुजुर्गांच्या डबल्सची फायनल. बापू आणि बबन जोडीला. फायनलच्या तासभर आधी बापूंच्या लाडक्या रॅकेटची तार तुटली. कोल्हापूरवाला नवी तार कापत होता, तर बापू म्हणाले, "एवढी कशाला? वाया जाते. कमी कापा." बँकेची सवय! शेवटच्या आडव्या तारेला टोक वीतभर आखूड. मशीनपर्यंत पोचेना. आणि त्या माणसाचा स्टार्टिंग क्लॅम्प राहिला घरी. पुन्हा पहिल्यापासून बांधायला वेळ नाही, आणि बापू दुसरी रॅकेट हातात धरायला तयार नाहीत.

बापू पडवीत आले. घामाघूम. बँकेतली मराठी कुठल्या कुठे!

"काकी, तुझी कुर्ली खंय आसा गो?"

"आसा ना."

"दी बगया."

"कुर्ली एकटी जाणा नाय. माझ्यावांगडा येता."

गेले. हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, त्या इलेक्ट्रॉनिक मशीनपुढे. आखूड टोक आणि तारेचा एक टाकाऊ तुकडा, दोघांना कुर्लीच्या एकाच तोंडात धरलं. तुकड्याचं दुसरं टोक दिलं मशीनला. कोल्हापूरवाल्याला म्हटलं, ओढ. ओढलंन. तार सरळ! गाठ मारली, दात लावून नव्हे, कुर्लीनेच ओढून.

कोल्हापूरवाला म्हणाला, "आजी, कुठे शिकलात?"

"आवाज बंद करून."

बापू आणि बबन फायनल जिंकले.

•

मग बक्षीस समारंभ. बापू माईकवर. आभार मानले पाहुण्यांचे, मांडववाल्याचे, माईकवाल्याचे, कोल्हापूरच्या मशीनचे, वडेवाल्याचे! एकच नाव राहिलं. मी स्टेजच्या मागच्या बाजूने चढले. बापूंच्या झब्ब्याचं टोक आणि कपांच्या टेबलावरच्या कापडाचं टोक, दोघांना कुर्लीच्या एकाच तोंडात धरलं.

"एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," म्हणून बापू खुर्चीकडे वळले. कापड सरकलं. अकरा कप एकदम डुलले. पुढच्या रांगेतून बबन ओरडला, "बापू, हलू नको रे!"

बापू जागीच थिजले. वळून मला बघितलं. माईक तसाच तोंडाशी, सगळा हॉल ऐकतोय.

"काकी, पयली सोड गो. मगे तुझा नाव सांगतंय."

म्हटलं, "फुडल्या वर्सा माझा गटिंगचा टेबल खंय लागतला, ता पयला सांग. मगे सोडतंय!"